हे पीस कावळ्याचंच, हे कशावरून म्हणायचं?

तिसरी_गल्ली | १३ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात तीन दिवस तोच चाललाय.

माझी लेक चौथीत आहे. गेल्या दिवाळीपासून तिनं पिसांची वही केली आहे. एका पानावर एक पीस, खाली तारीख, जागा आणि पक्ष्याचं नाव. एकवीस पानं भरली आहेत. विद्यापीठाच्या आवारात मिळालेलं मोराचं छोटं पीस आहे, अंबाबाईच्या देवळाबाहेरचं पारव्याचं आहे, पोपटाची तर चार आहेत.

बुधवारी सकाळी गच्चीवरचे कपडे काढताना टाकीपाशी एक काळं पीस दिसलं. मी तिला म्हटलं, "कावळ्याचं आहे, लिही." तिनं पेन उचललंच नाही. "पडताना बघितलंस का?" नाही बघितलं. "मग कशावरून?" मी म्हटलं, काळं आहे ना. त्यावर तिचं उत्तर: "कोकीळ पण काळा असतो, कोतवाल पण काळा असतो. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडं पण काळ्या कोंबड्या असतात."

मला पुढं बोलता आलं नाही. तिला कशीतरी समजूत घालून गप्प बसवायची माझी इच्छा नाही, खरं उत्तर द्यायचं आहे.

वर्णन असं: देठासकट लांबी साडेसहा सेंटीमीटर. सगळ्यात रुंद जागी पावणेतीन. टोक गोलसर, काळं, उन्हात तिरकं धरलं की निळी-जांभळी झाक मारतं. खालचा निम्म्याहून जास्त भाग राखाडी, कापसासारखा भुसभुशीत. दांडी अगदी मधोमध, बारीक आणि जराशी बाकदार. कुणाला यातलं कळतं का?

---

पेठेतला_दाद्या | १३ सप्टेंबर, रात्री ९.५८

पराचा कावळा करणारी माणसं लई बघितली ताई, पण पुरावा मागून करणारी पहिलीच. पोरगी नाद खुळा हाय!

---

उंबर | १३ सप्टेंबर, रात्री १०.३१

तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पीस अंगाच्या कुठल्या भागाचं ते बघायचं, पक्ष्याचं नाव नंतर. पंखाच्या मोठ्या पिसाला दांडीच्या एका बाजूला अरुंद पातं असतं आणि दुसऱ्या बाजूला रुंद. हवा कापायला ते तसंच लागतं. तुमच्या पिसाची दांडी मधोमध आहे, लांबी बोटाएवढी आणि खालचा अर्धा भाग कापूस. म्हणजे हे अंगावरचं पीस, देहपीस म्हणा. अंगाच्या गोलाईवर बसायचं म्हणून ते बाकदार असतं. कौलं एकावर एक चढवतात तशी ही पिसं बसतात. वरच्या पिसाखालून खालच्याचं फक्त टोक बाहेर दिसतं, म्हणून काळा रंग आणि चकाकी टोकालाच. झाकलेला राखाडी भुसभुशीत भाग ऊब धरून ठेवायला. कावळा बाहेरून काळाकुट्ट दिसला तरी आतून राखाडी असतो.

एक प्रयोग लेकीला करायला सांगा. टोकाचं पातं बोटानं उलटं फिस्कटायचं, मग देठाकडून टोकाकडं चिमटीतून हळूच ओढायचं. फाटलेलं पातं पुन्हा जुळतं. पात्याच्या तंतूंवर आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना आकडे असतात, ते शेजारच्या तंतूत अडकतात. खालच्या कापसाला आकडे नसतात, म्हणून तो कधीच जुळत नाही.

आता उमेदवार. कोतवाल बाद. अख्खा पक्षी शेपटीसकट २८ सेंटीमीटरच्या आसपास, त्यातली बरीच लांबी शेपटीची. त्याच्या अंगावर साडेसहा सेंटीमीटरचं पीस मावायचं नाही. साळुंकीही त्याच कारणानं बाद. भारद्वाज अंगानं मोठा आहे, पण त्याच्या मानेवरच्या आणि छातीवरच्या पिसांची दांडी चकचकीत आणि राठ असते, बोटाला काट्यासारखी लागते. तुमची बारीक आहे म्हणता. उरले कावळा, कोकीळ आणि कोंबडी.

---

सुगरण | १३ सप्टेंबर, रात्री १०.४५

ताई, राग मानू नका, पण कावळ्याचं पीस घरात ठेवू नये असं आमच्या सासूबाई सांगायच्या. त्यात आता पितृपंधरवडा. पोरीच्या वहीत कशाला? पोपटाची, मोराची ठेवा की.

---

भुदरगडचे_मास्तर | १४ सप्टेंबर, सकाळी ६.२०

सुगरणताई, तुमच्या सासूबाईंचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवला की आपण हात जोडून कुणाची वाट बघतो? कावळ्याचीच ना? गेल्या माणसाचं काही राहिलंय का, हे आपण त्याला विचारतो. माझ्या वडिलांच्या वेळी तासभर शिवला नाही. थोरल्या भावानं "धाकटीचं लग्न मी करीन" म्हणून शब्द दिला आणि मग शिवला. योगायोग म्हणा हवं तर. त्या दिवशी घाटावर आम्ही सगळे रडलो, एवढं आठवतं. कधी कधी आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिवून घेतात, पण मनाला ते लागून राहतं.

ज्याला आपण पितरांच्या जागी मानतो, त्याचं पीस अशुभ कसं, हे मला तरी पटत नाही. मुलीला वहीत ठेवू द्या.

---

सुगरण | १४ सप्टेंबर, सकाळी ९.०५

मास्तर, हे मी असं कधी धरलंच नव्हतं. पण हात मात्र धुवायला लावा, एवढं ऐका.

---

कळंब्याची_वाट | १४ सप्टेंबर, सकाळी ९.३०

हात धुवायचं सुगरणताई बरोबर बोलल्या. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूनं राज्यात कावळे मेले होते, दापोलीत, बीडमध्ये. सुटं पीस सापडलं तर घाबरायचं काही कारण नाही, पण मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावायचा नाही. पीस उचललं की साबणानं हात. ही सवय लावाच.

दुसरं म्हणजे उंबर, तुम्ही पाणपक्षी सोडले. मी रोज कळंबा तलावावर फिरायला जाते. चांदवा काळाच असतो, पाणकावळाही काळा. रंकाळ्यावरही दोन्ही दिसतात. पीस वाऱ्यानं कुठूनही येतं.

---

उंबर | १४ सप्टेंबर, सकाळी १०.१२

सोडले खरे, चूक कबूल. पण राजारामपुरीच्या गच्चीवर चांदव्याचं पीस येणं अवघड, तो पाणी सोडून लांब जात नाही. शिवाय तो पाटीच्या दगडासारखा काळपट, त्याला निळी-जांभळी झाक नसते. अंगावरची पिसंही फार दाट आणि लोकरीसारखी, पाण्यात बसायचं ना. पाणकावळा मात्र शहरावरून उडत जातो, त्यामुळं जागेवरून तो बाद होत नाही.

---

आंबाघाटचा | १४ सप्टेंबर, दुपारी १.१५

कोंबडीचं मी सांगतो. आमच्या शाहूवाडीत प्रत्येक परड्यात कोंबड्या, लहानपणी पिसं गोळा करून त्याची झाडणी करायचो.

कोंबडीचं अंगावरचं पीस उलटं करून देठाजवळ बघायचं. पातं सुरू होतं तिथंच मागच्या बाजूला दुसरं एक मऊ पीस चिकटलेलं असतं. एका देठाला दोन पिसं. जुळ्या केळ्यासारखं. कोंबडी, मोर, तित्तर या सगळ्या कुळात हे मोठं असतं. कावळ्याला एवढं नसतं, असलाच तर बारीक झुपका. भिंग लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी कळतंय. आजी यालाच "पिलाचं पीस" म्हणायची, आईच्या पाठीशी बिलगलेलं.

ताई, वहीतलं मोराचं छोटं पीस काढून हे बघा. त्यात नक्की सापडेल.

---

तिसरी_गल्ली | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी खेळ तसाच टाकून ती बसली.

मोराच्या पिसात "पिलाचं पीस" सापडलं! पीस एवढंसं, पण मागं दुसरं जवळजवळ त्याच्या निम्म्या लांबीचं. दहा महिने वहीत होतं आणि आम्हाला दिसलं नव्हतं. मग काळं पीस उलटं केलं. तसलं काही नाही, देठाशी चार-पाच तंतूंचा विरळ झुपका फक्त. म्हणजे कोंबडी गेली. चिकनवाल्याकडं जाऊन तिनं खात्रीही केली. त्या काकांनी हसत हसत एक काळं पीस धुऊन दिलं. त्यातही जुळं पीस आहे.

पातं जुळवायचा प्रयोग तर रात्री जेवेपर्यंत चालला होता. आजोबांनी पण केला.

भारद्वाजाची काट्यासारखी दांडी नाही. राहिले कावळा, कोकीळ आणि पाणकावळा. उंबरदादा, पुढं काय?

---

सातारी_मेघ | १४ सप्टेंबर, रात्री ८.२२

सोपं आहे. कोकिळाची झाक हिरवट-निळी, कावळ्याची जांभळी. तुमच्यात जांभळी आहे म्हणजे कावळा. विषय संपला.

---

उंबर | १४ सप्टेंबर, रात्री ८.५७

मेघ, संपला नाही. पिसातला काळा रंग मेलॅनिनचा, पण वरची झाक रंगाची नसते. बारीक तंतूंच्या आत मेलॅनिनचे कण केराटिनमध्ये, म्हणजे पीस ज्याचं बनतं त्या प्रथिनात, थरानं बसलेले असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतताना ती दिसते. पीस जरा फिरवलं की निळ्याची जांभळी, जांभळ्याची हिरवी. ट्यूबलाइटखाली वेगळी, उन्हात वेगळी. जुन्या पिसाला तर राहतच नाही. झाकेवरून कल मिळतो, निकाल मिळत नाही.

आकारानं सांगायचं तर कोकीळ आणि गावकावळा लांबीला सारखेच, दोन्ही ४० सेंटीमीटरच्या पुढं-मागं. पण कोकिळाची लांबी शेपटीत जास्त, अंग सडपातळ. त्यामुळं साडेसहाचं रुंद देहपीस कावळ्याकडं झुकतं. पाणकावळ्याचं अंगावरचं पीस बळकट आणि चिकटून बसणारं. हे सगळं मी "झुकतं" म्हणतोय. तिला "कशावरून" हवं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं अजून पुरं नाही.

---

सातारी_मेघ | १४ सप्टेंबर, रात्री ९.१०

मान्य. आमच्या छतावर मिळालेलं एक पीस मी आत्ता दिव्याखाली फिरवून बघितलं. खरंच हिरवंही दिसतं आणि जांभळंही.

---

पेठेतला_दाद्या | १४ सप्टेंबर, रात्री ९.४१

विषय निघालाच हाय तर सांगतो. आमच्या गल्लीत मे महिन्यात कावळ्यानं घरटं केलं, विजेच्या खांबाशेजारच्या गुलमोहरात. काड्या कमी, तारांचे तुकडेच जास्त. दुधवाला, पोस्टमन, माझा थोरला भाऊ, कुणालाच सोडलं नाही. भाऊ हेल्मेट घालून चालत जायचा. आणि हे सगळं कुणासाठी? पिल्लू बाहेर आलं तर तोंडात लालभडक घसा आणि अंगावर पांढरट ठिपके. कोकिळाचं! आख्ख्या गल्लीनं टोच्या खाल्ल्या त्या कोकिळासाठी.

---

कळंब्याची_वाट | १४ सप्टेंबर, रात्री १०.०२

दाद्या, हसू आलं वाचून, पण हेही बघ की एवढं भांडून त्यानं पिल्लू वाढवलं. २०१९ च्या पुरात आम्ही तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर होतो. खाली नुसतं पाणी. रोज सकाळी कठड्यावर तोच एक कावळा, एका पायानं लंगडणारा. आमच्याकडं बिस्किटंच होती, अर्धं त्याला द्यायचो. पाणी उतरल्यावरही तो दोन वर्षं येत होता.

---

वनवाट | १५ सप्टेंबर, सकाळी ७.४८

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. मी वन्यजीवांच्या बचावाचं काम करतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा परिशिष्ट ५ मध्ये, उपद्रवी प्राण्यांत होता. उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं यांच्या पंगतीत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ती यादीच गेली आणि गावकावळा परिशिष्ट २ मध्ये आला. म्हणजे आता तो संरक्षित आहे. आणि या कायद्यात प्राण्याच्या अवयवांच्या व्याख्येत दात, नखं, शिंगांबरोबर पीसही स्पष्ट लिहिलंय. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात काही सवलत आहे, ती इतर पक्ष्यांना नाही. चौथीतल्या मुलीला कुणी पकडायला येणार नाही, ते भय अजिबात घालू नका. पण हा छंद वाढत जातो, मोठेपणी दोनशे पिसांची पेटी होते. आत्ताच वळण लावलेलं बरं: पीस बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा, चित्र काढायचं आणि होतं तिथं ठेवायचं. चिमण्या तीच पिसं घरट्यात घालतात.

२०२१ पासून आपल्या देशातल्या पक्ष्यांच्या पिसांचं एक ऑनलाइन संग्रहालय सुरू झालं आहे, फेदर लायब्ररी म्हणून. अहमदाबादच्या पक्षीप्रेमींनी केलंय. पंख उघडून, पिसं ओळीनं मांडून फोटो असतात. तिला दाखवा.

---

सुगरण | १५ सप्टेंबर, सकाळी ८.१५

अरे देवा. मी अशुभ म्हणाले तर सगळ्यांनी समजावलं, आता कायदाच आला! पोरीला हे कसं सांगणार हो ताई?

---

तिसरी_गल्ली | १५ सप्टेंबर, रात्री ९.२६

सांगितलं. सोपं गेलं नाही. ती बराच वेळ वही छातीशी धरून बसली होती. "मी कुणाला मारलं नाही, पडलेलंच घेतलं" हेच परत परत. मी म्हटलं, कायद्याला पडलेलं कुठलं आणि उपटलेलं कुठलं हे पिसाकडं बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांना एकच नियम. यावर ती म्हणाली, "म्हणजे त्यांनापण पुरावा लागतो." मग उठली.

आता ठरलंय असं की प्रत्येक पीस कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, मापं लिहायची, रंग भरायचे. मूळ पिसं झाडाखाली. पण काळ्या पिसाचा निकाल लागेपर्यंत ते राहू दे, अशी तिची विनंती आहे. वनवाटदादा, चालेल ना?

वहीच्या पानांचे फोटो टाकते आहे, कुणाला काही चुकलेलं दिसलं तर सांगा. (एकूण २१ फोटो)

---

वनवाट | १५ सप्टेंबर, रात्री ९.४०

चालेल. आणि तिला माझा नमस्कार सांगा.

---

प्राणीशास्त्र_विभाग | १६ सप्टेंबर, सकाळी ११.०५

धागा पहिल्यापासून वाचत होतो. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवतो. निकाल लावायचा एक रस्ता आहे, आणि तो पिसाच्या ज्या भागाकडं कुणी बघत नाही त्यात आहे: खालचा राखाडी कापूस.

त्या कापसाच्या तंतूंना फुटलेले सूक्ष्म तंतू सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक गणात, म्हणजे पक्ष्यांच्या प्रत्येक मोठ्या गटात, वेगळे दिसतात. कोंबडीच्या कुळात त्यांच्यावर अंगठ्या ओवल्यासारखी कडी. बदकांत त्रिकोणी गाठी. पारव्यांत कळी उमलावी तशा फुगीर गाठी. आणि चिमणी, बुलबुल, कोतवाल, साळुंकी यांच्या गणात सूक्ष्म तंतूच्या बुडाशी अगदी बारीक बोटांसारखी लव असते.

मजेची गोष्ट म्हणजे कावळा याच शेवटच्या गणातला, शास्त्राच्या हिशेबानं गाणाऱ्या पक्ष्यांतला. कोकीळ चैत्र-वैशाखात एवढा गातो, पण तो या गणात नाही, त्याचा गण वेगळा. पाणकावळा तर नावापुरताच कावळा. म्हणजे लव दिसली तर कोकीळ, पाणकावळा, भारद्वाज, चांदवा सगळे एका फटक्यात बाद. लव असलेला आणि एवढं मोठं काळं पीस अंगावर बाळगणारा पक्षी आपल्या गावात कावळाच.

हे शास्त्र खेळ म्हणून उभं राहिलेलं नाही. १९६० च्या ऑक्टोबरात बॉस्टनहून उडालेलं प्रवासी विमान पक्ष्यांच्या थव्यात शिरून पडलं, ६२ माणसं गेली. इंजिनात सापडलेले पिसांचे तुकडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या रॉक्सी लेबॉर्न यांच्याकडं गेले. त्यांनी ते स्टार्लिंगचे, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्याचे, असं ओळखलं. पुढं आयुष्यभर लेबॉर्न विमानांत अडकलेली पिसं ओळखत राहिल्या. कुठला पक्षी आहे हे कळलं, तर धावपट्टीजवळ काय बदलायचं ते कळतं, आणि इंजिन किती वजनाच्या धडकेला टिकायला हवं तेही.

रविवारी सकाळी प्रयोगशाळा मी उघडून देतो. लेकीला घेऊन या. चिकनवाल्यानं दिलेलं पीसही आणा, तुलनेला लागेल.

---

आंबाघाटचा | १६ सप्टेंबर, दुपारी १२.३०

सर, कोंबडीच्या कुळात अंगठ्या! आजीला हे सांगायला हवं होतं.

---

उंबर | १६ सप्टेंबर, दुपारी २.१८

सर, फार मोठं काम केलंत.

ताई, वहीतलं पान नऊ पुन्हा बघाल का? अंबाबाईच्या देवळाबाहेरचं, "पारवा" लिहिलेलं. फोटोत मला त्याचा राखाडी रंग निळसर वाटत नाही, मातकट वाटतोय. पारव्याचा राखाडी निळ्याकडं जातो, आणि पिसाची दांडी बुडाशी चांगली जाड असते. ही बारीक दिसते. गावकावळ्याची मान आणि छाती राखाडीच असते हे आपण विसरतो. काळं पीस दिसलं की कावळा म्हणतो आणि राखाडी दिसलं की पारवा. मला शंका आहे की तिच्या वहीत कावळा आधीपासूनच आहे. तेही पीस रविवारी न्या.

---

तिसरी_गल्ली | १६ सप्टेंबर, रात्री ८.०३

तिनं हे वाचून पान नऊवरचं "पारवा" लगेच खोडायला घेतलं होतं. मग स्वतःच थांबली. रविवारपर्यंत पुढं फक्त प्रश्नचिन्ह.

---

पेठेतला_दाद्या | १९ सप्टेंबर, सकाळी ८.४४

रविवार उजाडायच्या आत माझी झोप उडवली या धाग्यानं. काल पैज लागली तालमीत. निम्मे कावळा, निम्मे कोकीळ. हरणारा मिसळ देणार. ताई, निकाल लवकर टाका.

---

तिसरी_गल्ली | २१ सप्टेंबर, दुपारी ३.३७

आत्ता घरी आलो.

सरांनी तिला स्टुलावर उभं केलं आणि सगळं तिच्याकडूनच करून घेतलं. चिमट्यानं कापसाचे दोन-तीन तंतू काढायचे, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचे, वर पातळ काच. पहिलं कोंबडीचं लावलं. तिनं डोळा लावला आणि ओरडलीच, "अंगठ्या!" खरोखर काडीत एकामागून एक कडी घातल्यासारखं दिसतं. मीही बघितलं.

मग काळ्या पिसाचं. तिला बराच वेळ काही दिसेना. सरांनी भिंग बदललं, सूक्ष्म तंतूचं बूड मधोमध आणून दिलं. ती दोन-तीन मिनिटं काहीच बोलली नाही. नंतर हळू आवाजात म्हणाली, "आहे. बुडाशी आहे. बोटांसारखं." सरांनी बघून मान हलवली. मला ती लव दिसायला चार वेळा बघावं लागलं, पण दिसली.

शेवटी पान नऊचं. गाठी नाहीत. लव आहे. उंबरदादा, तुमची शंका खरी ठरली, तो पारवा नव्हे. आमच्या वहीत कावळा डिसेंबरपासून होता.

तिनं सरांना विचारलं, "मग हा गावकावळा की डोमकावळा?" सर म्हणाले, दोघांची लव सारखीच, इथून पुढं सूक्ष्मदर्शक मदत करत नाही. राखाडी पीस मानेचं म्हणून ते गावकावळ्याचं, कारण डोमकावळा सगळाच काळा. काळ्या पिसाचं पिसावरून ठरणार नाही. परत येताना रिक्षात ती हाच विचार करत होती.

वहीत तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"पान २२. कावळा. अंगावरचं पीस. लांबी ६.५ सेंमी. पिलाचं पीस नाही म्हणून कोंबडी नाही. बुडाशी लव आहे म्हणून कोकीळ नाही आणि पाणकावळा नाही. मोठं आहे म्हणून कोतवाल नाही. गावकावळा का डोमकावळा ते पिसावरून कळलं नाही. आमच्या गच्चीवर रोज गावकावळा येतो, पण हे त्याचंच आहे असं मी बघितलं नाही."

खाली पिसाचं चित्र आहे, राखाडी भागाला पेन्सिल आणि टोकाला काळा-जांभळा खडू.

---

भुदरगडचे_मास्तर | २१ सप्टेंबर, दुपारी ४.१०

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. तीस वर्षं शिकवलं, असं उत्तर लिहिणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आज सर्वपित्री. सकाळी गच्चीवर पान ठेवलं होतं, लगेच शिवला.

---

पेठेतला_दाद्या | २१ सप्टेंबर, दुपारी ४.२६

मी कावळ्याकडून होतो!! मिसळ पक्की. पोरीला आणि सरांना पण बोलवा, कोकीळवाले देत्यात.

---

सुगरण | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६.५५

आणि ताई, ते मूळ पीस? ठेवलं का झाडाखाली?

---

तिसरी_गल्ली | २१ सप्टेंबर, रात्री ८.३०

हो. कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली, दोन्ही पिसं. तिनं जाताना हात धुवायचा साबण सोबत घेतला होता. उद्या शाळेला जाताना ती जागेवर आहेत का ते बघणार आहे, आणि कुणी नेली असली तर कुणी नेली तेही.